जटाधारी सरदार अनुपगीर गोसावी

१७८९च्या पावसाळ्यात महादजी शिंदे मथुरेच्या मुक्कामी आजारी पडले. अंगावर गळवे उठली. वैद्य झाले, हकीम झाले, उतार पडेना. याच माणसाने नुकतीच दिल्ली परत मिळवली होती. शाहआलम बादशहाचे डोळे काढणाऱ्या गुलाम कादिर रोहिल्याला पकडून मार्च महिन्यात त्याला देहान्त शासन केले होते. लालसोटची माघार भरून निघाली होती आणि उत्तर हिंदुस्थानात त्यांच्या तोडीचा माणूस उरला नव्हता. अशा वेळी अंथरुणाला खिळलेल्या महादजींच्या कानावर आले की हे दुखणे साधे नव्हे, ही करणी आहे. वृंदावनातली एक बाई मंत्रप्रयोग करते आणि तिच्या मागे आहे राजा अनुपगीर हिंमतबहादूर गोसावी. महादजींनी गोसाव्याला धरण्याचा हुकूम दिला. गोसाव्याने पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी दिली आणि तो अलीबहादूरच्या छावणीत शिरला. तिथे पेशव्यांचे निशाण होते. त्या निशाणाचा आसरा घेऊन त्याने अभय मागितले.

अलीबहादूर हा पहिल्या बाजीरावाचा आणि मस्तानीचा नातू. त्याचे वडील समशेरबहादूर पानिपतावर जखमी झाले आणि त्यातच गेले. त्या दिवशी, १४ जानेवारी १७६१ रोजी, हाच अनुपगीर अब्दालीच्या बाजूला, अवधच्या शुजाउद्दौल्याच्या फौजेत उभा होता. महादजींचा पाय कायमचा अधू झाला तोही त्याच दिवशीच्या पाठलागात. आता त्या समशेरबहादूरचा मुलगा त्या दिवशीच्या शत्रूला पाठीशी घालत होता, आणि तेही महादजींच्या विरुद्ध. महादजींनी निरोप धाडले, समजावले, दटावले. अलीबहादूर बधला नाही. शरण आलेला माणूस परत देणे पेशव्यांच्या निशाणाला शोभत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. प्रकरण पुण्याला नाना फडणीसांपर्यंत गेले, पत्रांवर पत्रे गेली, आणि उत्तरेतल्या मराठी फौजेत जी फट आधीच होती ती रुंदावली.

मराठी इतिहासात हा प्रसंग येतो तो नाना आणि महादजी यांच्या चढाओढीचा एक अध्याय म्हणून, नाहीतर त्या काळच्या भोळसट समजुतींचा दाखला म्हणून. दोन्ही बरोबर आहे. पण मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो गोसावीच. ज्या संन्याशाच्या ताब्यावरून मराठी दौलतीतले दोन मातबर सरदार एकमेकांसमोर उभे राहतात, त्याच्या पदरी काय असले पाहिजे? जपमाळ आणि कमंडलू एवढ्यावर हे घडत नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली युद्धे, बंडे आणि मेळे नीट समजून घ्यायचे असतील तर या भगव्या माणसांकडे सरळ पाहावे लागते. त्यांना ‘धर्मरक्षक’ म्हणून मोकळे होणे सोपे, ‘लुटारू’ म्हणणे त्याहून सोपे.

अनुपगीरचा गुरू राजेंद्रगीर. झाशीहून कानपूरकडे जाताना मोठ नावाचे गाव लागते. १७४०च्या सुमारास राजेंद्रगीरने तिथे आपले ठाणे बसवले आणि आसपासची गावे ताब्यात घेतली. १७५१मध्ये अहमदखान बंगषाच्या पठाणांनी अलाहाबादचा किल्ला घेरला, तेव्हा राजेंद्रगीर प्रयागात होता. आपले नागे, म्हणजे शस्त्रधारी संन्यासी, घेऊन तो वेढा घालणाऱ्यांवर पुनःपुन्हा तुटून पडत असे. किल्ला टिकला. बादशहाचा वजीर आणि अवधचा नवाब सफदरजंग याने त्याला आपल्या पदरी घेतले, आणि ते घेताना त्याचा मानही राखला: राजेंद्रगीरने वजिराला सलाम करायचा नाही, हात उंचावून आशीर्वाद द्यायचा. १७५३मध्ये दिल्लीच्या गल्ल्यांत वजीर आणि बादशहा यांच्या माणसांत लढाया जुंपल्या. त्यात राजेंद्रगीर गोळी लागून पडला आणि त्याची फौज उमरावगीर व अनुपगीर या त्याच्या दोन चेल्यांकडे गेली. हे दोघे सख्खे भाऊ; विधवा आईने दारिद्र्यापायी मठाला दिलेली मुले, असे परंपरा सांगते.

परंपरेतली ही गोष्ट खरी असो वा नसो, त्या फौजेची घडण अशाच मुलांतून झाली होती. दुष्काळात पोसता न आलेली, लढायांत पोरकी झालेली, विकत घेतलेली, नवसाने वाहिलेली मुले मठात येत. त्यांचे जुने नाव, जात, गाव सगळे मागे पडे आणि गिरी, पुरी, भारती, सरस्वती अशा दशनामांपैकी एक नाव मागे लागे. गुरू हाच बाप आणि तोच सेनापती. आखाड्यात कुस्ती, भाला, तलवार, बाण यांचे शिक्षण होई. मागे बायकामुलांचा लबेदा नाही, शेतीच्या हंगामाची ओढ नाही, थंडीवाऱ्याची सवय. त्या काळचे सैन्य पेरणीला घरी परतत असे आणि पगार थकला की दारात धरणे धरून बसत असे. अशा काळात ही माणसे राजांना हवीहवीशी वाटली नसती तरच नवल. पुढे अनुपगीरला स्वतःला बायका होत्या, मुले होती, वाडे होते. संन्यासाचा नियम वरच्या थरात सैल झाला. खालच्या नाग्यांसाठी मात्र गुरूची आज्ञा तशीच कडक राहिली.

पानिपतच्या चार वर्षे आधी अब्दालीच्या फौजांनी होळीच्या सुमारास मथुरा कापून काढली आणि वृंदावन लुटले. तिथून त्या गोकुळावर गेल्या. तिथे सुमारे चार हजार नागे अंगाला राख फासून आडवे आले. दोन हजारांच्या आसपास मेले, पण गोकुळ वाचले. ही बातमी त्या वेळच्या मराठी पत्रांत आहे. ती अनुपगीरची माणसे नव्हती. गोकुळ हे बैराग्यांचे, वैष्णवांचे ठिकाण. लोकांच्या बोलण्यात अलाहाबाद आणि गोकुळ हे दोन्ही प्रसंग, दोन्ही पंथ आणि राजेंद्रगीरचे नाव एकत्र होऊन जाते. राजेंद्रगीर तेव्हा जिवंतही नव्हता. ही सरमिसळ वेगळी करायला हवी, कारण तिच्यातून ‘नागे म्हणजे परकीय आक्रमणापुढची धर्माची भिंत’ असे एकसंध चित्र तयार होते, आणि ते चित्र १७६१मध्ये टिकत नाही.

१७६१मध्ये शैव नाग्यांचे पथक शुजाउद्दौल्याबरोबर अब्दालीच्या फळीत होते. उघड्या अंगाने मुसलमानांच्या छावणीत हिंडणाऱ्या या लोकांवर अफगाण सरदार चिडले होते. शुजाने त्यांना काढले नाही. प्रत्यक्ष लढाईत शुजाची तुकडी फारशी हललीच नाही, असे त्याच्या पदरी असलेल्या काशीराज या दख्खनी ब्राह्मणाने लिहून ठेवले आहे. लढाई संपल्यावर विश्वासरावांचे कलेवर अफगाण शिपायांच्या हाती पडले. त्यात पेंढा भरून ते काबूलला न्यावे असा त्यांचा आग्रह होता. शुजाने रदबदली करून ते सोडवले. पुढे सदाशिवरावभाऊंचे मुंडके नसलेले धड सापडले, ओळखणाऱ्यांनी खुणांवरून ओळखले. या दोघांचा अग्निसंस्कार शुजाच्या सांगण्यावरून ज्यांनी केला त्यांत काशीराजाबरोबर अनुपगीर होता. लढाईत समोर उभा असलेला माणूस लढाईनंतर चितेला अग्नी देण्याच्या कामात होता, आणि त्या काळच्या लोकांना त्यात काही विपरीत वाटले नाही.

म्हणून ‘अनुपगीर कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. तो आपल्या फौजेच्या बाजूचा होता. हजारो चेले, त्यांचे घोडे, त्यांचा दाणागोटा आणि त्यासाठी लागणारी जहागीर हे त्याचे राज्य होते. बनारसच्या लोकांत त्याच्याविषयी असे बोलले जाई की हा दोन नावांवर पाय ठेवून नदी उतरणारा माणूस आहे, बुडू लागेल ती नाव सोडतो. बोलणे कडवट आहे आणि खरेही आहे. पण त्या चाळीस वर्षांत एकामागून एक नावा बुडतच होत्या. २३ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सरला इंग्रजांनी शुजाचा पराभव केला. गोसावी शुजाच्या बाजूने लढले. मग भरतपूरचा जवाहिरसिंग जाट, मग काही काळ मराठे, पुन्हा अवध. शुजाउद्दौला वारल्यावर दिल्लीचा मिर्झा नजफखान. १७८२च्या एप्रिलमध्ये नजफखान गेला आणि त्याच्या सरदारांनी एकमेकांचे गळे धरले. त्यांतला अफ्रासियाबखान नोव्हेंबर १७८४मध्ये मारला गेला आणि बादशहाला आधार कोणाचा, हा प्रश्न उघड्यावर आला. त्या घालमेलीत आतून सूत्रे हलवून महादजींना बादशहापाशी नेणाऱ्यांत अनुपगीर प्रमुख होता. डिसेंबर १७८४मध्ये महादजी वकील-इ-मुत्लक झाले. दिल्लीच्या बादशाहीची कुलमुखत्यारी मराठ्यांकडे आली ती महादजींच्या तलवारीने, हे तर खरेच. दरबारातली वाट मात्र गोसाव्याच्या ओळखींनी मोकळी झाली होती.

मग बिनसले कशावरून? पैशावरून. दिल्ली हातात आली तशी रिकामी तिजोरीही हातात आली. फौजेचा पगार भागवायला महादजींनी जुन्या सरदारांच्या जहागिरींचे हिशेब मागितले, काही जप्त केल्या. त्यात अनुपगीरच्याही होत्या. त्याने खलबते सुरू केली, महादजींनी त्याच्यावर नजर ठेवली. १७८९पर्यंत दोघांनाही एकमेकांविषयी काहीही वाईट खरे वाटावे अशी स्थिती आली होती. करणीच्या गोष्टीवर महादजींचा विश्वास बसला यात त्यांचा कमीपणा पाहू नये. बीडच्या मन्सूरशाह फकिरावर श्रद्धा असणारा, मथुरा-वृंदावनाचा अधिकार बादशहाकडून मिळवण्यासाठी झटणारा, स्वतः भजने रचणारा हा माणूस होता. साधूच्या आशीर्वादात बळ आहे असे मानणाऱ्याने त्याच्या शापातही ते मानले.

पण गोसाव्यांचे वजन केवळ भाल्याच्या टोकावर नव्हते, आणि इथे थोडे पुण्यात यावे लागेल. सोमवार पेठेत नागझरीच्या काठी त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. इंदूरजवळच्या धामपूरचा भीमगीरजी गोसावी याने ते १७५४मध्ये बांधायला घेतले आणि १७७०मध्ये तिथे मूर्तीची स्थापना झाली. काळ्या पाषाणाच्या दर्शनी भिंतीवर एक शिल्प आहे: टोपीवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडांनी जखडत आहेत. प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल आणि पूर्वेकडचा मुलूख गिळला, त्याचे हे चित्र, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. मला हा अर्थ पटतो. पुण्यातल्या किती लोकांना तेव्हा बंगालमध्ये काय चालले आहे याची धग लागली होती? गोसाव्यांना लागली होती, कारण त्यांची माणसे दरवर्षी तिथे जात.

गोसावी व्यापार करीत. यात्रेच्या निमित्ताने वर्षानुवर्षे ज्या वाटा त्यांनी तुडवल्या त्याच वाटांवरून रेशीम, कापड, मसाले, सोने आणि हुंड्या फिरत. मिर्झापूर आणि बनारस येथे त्यांच्या मोठ्या पेढ्या होत्या. बंगालचे रेशीम मिर्झापूरहून नागपूरला येई त्यात त्यांचा मोठा हात असे, आणि नागपूर, पुणे, हैदराबाद इथे त्यांची सावकारी चाले. यात्रेकरू म्हणून अनेक ठिकाणी जकातीची सूट आणि बरोबर शस्त्रधारी चेले असल्यामुळे वाटेतल्या चोरांची भीती नाही. साध्या सावकाराला या दोन्ही गोष्टी मिळत नसत. मठात वारसा गुरूकडून चेल्याकडे जाई, त्यामुळे भांडवलाच्या वाटण्या होत नसत. त्यांचे जाळे नेपाळपर्यंत आणि तिबेटपर्यंत पसरले होते. पृथ्वीनारायण शाहाने काठमांडूचे खोरे जिंकले तेव्हा ज्या परक्यांना हाकलले त्यांत कापुचिन पाद्र्यांबरोबर गोसावी सावकारही होते.

या जाळ्याचा उपयोग इंग्रजांनीही करून घेतला. पुराणगीर नावाच्या गोसाव्याच्या हातून पणचेन लामाचे पत्र कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जकडे पोहोचले. १७७४मध्ये जॉर्ज बोगल तिबेटला गेला तो याच पुराणगीरच्या सोबतीने. पुढे पणचेन लामा चीनच्या बादशहाच्या भेटीला पेकिंगला गेले तेव्हाही तो त्यांच्या लवाजम्यात होता. लामा तिथेच १७८०मध्ये देवी येऊन वारले. कलकत्त्यासमोर हावड्याच्या बाजूला घुसुडी येथे भोटबागान नावाचा मठ उभा राहिला. बौद्ध लामाच्या पैशातून, कंपनीच्या जमिनीवर, शैव महंताच्या देखरेखीखाली. १७९५मध्ये त्या मठावर दरोडा पडला आणि पुराणगीर दरोडेखोरांशी लढताना मारला गेला. ज्या हेस्टिंग्जने एका गोसाव्याला आपला वकील केले, त्याच हेस्टिंग्जने त्याच सुमारास बंगालमध्ये बाकीच्या गोसाव्यांची शिकार मांडली होती.

बंगालच्या संन्यासी-फकीर बंडाबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बहुतेक बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीतून. ती १८८२ची, म्हणजे घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेली. तिने देशाला ‘वंदे मातरम्’ दिले, त्याबद्दल तिचे ऋण मोठे आहे. पण बंडाचा इतिहास तिच्यातून घेऊ नये. त्या बंडाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत चिवट म्होरक्या हिंदू संन्यासी नव्हता. तो मकनपूरच्या मदारी पंथाचा फकीर मजनूशाह.

हिवाळ्यात संन्यासी आणि फकीर यांच्या टोळ्या उत्तरेकडून बंगालमध्ये उतरत. गंगासागर, महास्थान, ब्रह्मपुत्रेचे स्नान अशी त्यांची वारी असे. वाटेत जमीनदारांकडून शिधा, पैसा घेण्याची जुनी वहिवाट होती. काहींपाशी त्याच्या सनदाही होत्या. १७६५मध्ये कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि जमीनदाराच्या घरातला प्रत्येक रुपया कंपनी आपला समजू लागली. कालपर्यंत ज्याला दक्षिणा म्हणत ती आता खंडणी ठरली. त्याआधीच, १७६३मध्ये, फकिरांनी ढाक्याची इंग्रज वखार घेतली होती. इंग्रजांना ती लढून परत घ्यावी लागली. मग १७७०चा दुष्काळ पडला. हेस्टिंग्जच्याच अंदाजाने बंगालमधली एक तृतीयांश माणसे त्यात मेली, आणि तरीही सारावसुली थांबली नाही. १७७१मध्ये कंपनीच्या शिपायांनी दीडशे फकीर मारले. मजनूशाहने नाटोरच्या राणी भवानीला अर्ज लिहिला: आम्ही पिढ्यानपिढ्या या मुलखात भिक्षा मागत आलो, कोणाला त्रास दिला नाही, आणि आमच्या माणसांना विनाकारण मारले. दुष्काळात उद्ध्वस्त झालेले शेतकरी आणि घरी बसवलेले शिपाई या टोळ्यांना येऊन मिळाले.

डिसेंबर १७७२च्या अखेरीस रंगपूरजवळ कॅप्टन टॉमसची तुकडी संन्याशांच्या मागे लागली. शिपायांनी दारूगोळा आधीच उधळला, संन्याशांनी वळून हल्ला केला आणि टॉमस ठार झाला. गावकऱ्यांनी इंग्रजांच्या शिपायांना मदत केली नाही. गवतात लपलेल्यांना दाखवून दिले. दोन महिन्यांनी कॅप्टन एडवर्ड्सचीही तीच गत झाली. रयत आम्हाला खबर देत नाही ही हेस्टिंग्जची तक्रार त्याच्या पत्रांत पुनःपुन्हा येते, आणि बंडाची खरी ताकद त्या तक्रारीतच दिसते. पण या चित्रालाही फार रंग चढवू नये. या टोळ्यांनी गावे लुटली, माणसे ओलीस धरली. संन्यासी आणि फकीर एकत्र लढले तसे एकमेकांशीही लढले. १७७७मध्ये बोगड्याच्या मुलखात मजनूच्या फकिरांत आणि संन्याशांत मोठी चकमक झाली. शस्त्र घेऊन फिरणाऱ्या साधूंना बंगालची हद्द बंद करण्याचा जाहीरनामा १७७३च्या जानेवारीत निघाला. मजनूशाह त्यानंतरही डझनभर वर्षे कंपनीला चकवत राहिला. १७८६च्या डिसेंबरात तो जखमी झाला आणि त्यानंतर वारला. बंडातला दुसरा म्होरक्या भवानी पाठक १७८७मध्ये मारला गेला. मजनूचा वारस मूसाशाह आणखी काही वर्षे लढत राहिला.

साधूंचे एकमेकांतले वैर मेळ्यांत उघडे पडे. मेळा म्हणजे नुसते स्नान नव्हे. तिथे बाजार भरे, घोडे विकले जात, हुंड्या वटवल्या जात, आणि व्यवस्था ज्याच्या हाती त्याला कर मिळे. आधी कोणी नहायचे हा प्रश्न म्हणजे मेळा कोणाचा हाच प्रश्न. हरिद्वारला १७६०मध्ये शैव आणि बैरागी यांच्यात कत्तल झाली आणि गोसाव्यांनी मेळ्यावर कबजा बसवला. १७८९चा सिंहस्थ नाशिक-त्र्यंबकेश्वरचा होता. मथुरेत महादजी करणीने हैराण होते तेच हे साल. स्नानाच्या मानावरून संन्यासी आणि बैरागी भिडले. पेशव्यांच्या काळचा एक ताम्रपट बारा हजार साधू मेल्याचे सांगतो. हा आकडा जसाच्या तसा मानावा असा माझा आग्रह नाही, ताम्रपटातले आकडे फुगतात. पण निवाडा करण्याइतके भयंकर काही घडले होते यात शंका नाही. निवाडा असा झाला की शैवांनी त्र्यंबकला कुशावर्तावर नहावे आणि वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर. आजही बारा वर्षांनी सिंहस्थ येतो तेव्हा आखाडे असेच विभागले जातात.

१७९६च्या हरिद्वारच्या कुंभात कॅप्टन हार्डविक हजर होता. त्याच्या अंदाजाने पंचवीस लाख माणसे जमली होती. मेळ्याचा बंदोबस्त आणि करवसुली गोसाव्यांकडे. पतियाळाच्या साहेबसिंगाबरोबर आलेल्या बारा-चौदा हजार शीख स्वारांच्या सोबत उदासी साधू होते. त्यांनी गोसाव्यांना न विचारता तळ दिला आणि झेंडा रोवला; गोसाव्यांनी तो उपटला. १० एप्रिलला, मेळ्याच्या शेवटच्या दिवशी, शीख स्वारांनी हल्ला चढवला. सुमारे पाचशे गोसावी पडले, कित्येक नदी ओलांडताना बुडाले. त्यांचे पळणारे जमाव वाचले ते तिथे असलेल्या कंपनीच्या दोन तुकड्यांनी वाट अडवून धरल्यामुळे. पुढे काही वर्षांत तो मुलूख कंपनीकडे गेला आणि हरिद्वारच्या मेळ्याची किल्ली गोसाव्यांच्या हातून कायमची गेली.

आता अनुपगीरकडे. महादजींना अखेर हात चोळत बसावे लागले. अलीबहादूरने गोसाव्याला सोडले नाही आणि १७९०नंतर दोघे मिळून बुंदेलखंडात उतरले. गोसाव्याला तिथली प्रत्येक गढी ठाऊक होती, अलीबहादूरपाशी पेशव्यांचे नाव होते. १७९२मध्ये अजयगडजवळ त्यांनी अर्जुनसिंग पवाराला हरवून मारले. कवी पद्माकराने या लढाईवर ‘हिम्मतबहादूर विरुदावली’ रचली आणि गोसाव्याला महाकाव्यातल्या वीराच्या ओळीत बसवले. अलीबहादूरने बांद्याला आपली गादी केली. दहा वर्षे तो बुंदेल्यांच्या गढ्या घेत राहिला आणि १८०२मध्ये कालिंजरच्या वेढ्यात असतानाच वारला.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. गोसाव्याला कळायचे ते कळले. ४ सप्टेंबर १८०३ रोजी शाहपूर येथे त्याने कंपनीशी करार केला: फौजेच्या खर्चासाठी वीस लाखांची जायदाद, आणि उमरावगीरची सुटका. अवधचा पदच्युत नवाब वजीरअली याने १७९९मध्ये बनारसला इंग्रज अधिकारी कापले, त्या कटात सामील असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी उमरावगीरला अडकवून ठेवले होते. करारानंतर महिन्याभरात अनुपगीर कंपनीच्या फौजेबरोबर अलीबहादूरच्याच मुलावर, दुसऱ्या समशेरबहादूरवर चालून गेला आणि त्याचा पराभव केला. चौदा वर्षांपूर्वी ज्याने त्याला महादजींच्या हातून वाचवले होते त्याच्या घरावर.

पुष्कळ गोष्टींत मी अनुपगीरच्या बाजूने बोललो आहे. या गोष्टीत बोलत नाही. फौज जगवायची म्हणून मालक बदलणे त्या काळात सर्रास होते, पण अभय देणाऱ्याच्या मुलावर शस्त्र धरणे हे त्या काळच्या हिशेबानेही हलके होते. शिवाय गोसाव्याचा अंदाजही चुकला. सफदरजंग, शुजा, नजफखान, महादजी यांना त्याच्या फौजेची गरज होती, म्हणून त्याची किंमत होती. कंपनीला ती गरज फक्त एका मोहिमेपुरती होती. १८०४मध्ये अनुपगीर वारला. मुलगा लहान होता. कंपनीने मुलूख आपल्याकडे घेतला, घराण्याला जहागीर नेमून दिली आणि नाग्यांच्या पलटणी मोडून टाकल्या.

हिंगणे वकिलांच्या दिल्लीहून आलेल्या पत्रांत, कोट्याच्या गुळगुळ्यांच्या दप्तरात, पुण्याच्या पेशवे दप्तरात या गोसाव्यांचे उल्लेख विखुरलेले आहेत. कोण कुठे उतरला, किती माणसे बरोबर, कोणाचे कर्ज, कोणाची हुंडी अशा बारीकसारीक नोंदी. फार्सी आणि इंग्रजी कागद वापरून अनुपगीरवर इंग्रजीत लिहिले गेले आहे. मोडी वाचता येणाऱ्या आपल्या तरुण अभ्यासकांनी हे मराठी कागद एकत्र करून छापावेत. ते काम महाराष्ट्रात बसूनच होऊ शकते.